डोक्यावरचा ऑक्टोपस: थीम पार्टीची टोपी करताना

थीम पार्टीची टोपी करायची म्हटलं की बहुतेक जण आधी सजावटीचं सामान गोळा करतात आणि मग ते चिकटवायला एखादी तयार टोपी शोधतात. अशी टोपी फोटोत बरी दिसते आणि अर्ध्या तासात डोक्यावरून हातात येते. कधी ती एका अंगाला कलते, कधी कपाळावर घसरते, कधी कानामागे टोचते. आम्ही टोपी मुळापासून करतो आणि एक क्रम सोडत नाही: टोपीचा माथा सगळ्यात शेवटी बंद करायचा. सजावट बाहेरून चिकटवायची नसते, ती टोपीच्या उभ्या भिंतीतून आरपार नेऊन आतून बांधायची असते, आणि त्यासाठी दोन्ही टोकांनी उघडी असलेली टोपी लागते. माथा आधी बसवला तरी खालून हात आत जातो, पण नजर जात नाही आणि पक्कड फिरत नाही.

खालची मापं समुद्रतळाच्या थीमसाठी केलेल्या टोपीची आहेत. उंच, वर रुंद होत जाणारी टोपी, पुढे डावीकडे बसलेला ऑक्टोपस आणि भिंतीला वेढे घातलेले त्याचे पाय. थीम जंगलाची असो की अंतराळाची, टोपीचा सांगाडा हाच राहतो.

डोक्याचा घेर कपाळाच्या मध्यातून, कानांच्या किंचित वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून मोजायचा. पार्टीला केस जसे बांधणार तसे बांधूनच मोजायचे, नाहीतर अंबाडा घातल्यावर टोपी बसत नाही. समजा घेर ५७ सेमी भरला, तर भिंतीच्या खालच्या कडेची लांबी ५९ सेमी धरायची. हे २ सेमी जास्त वाटतात, पण सगळे खर्ची पडतात. १ मिमी जाडीचा पुठ्ठा गोल वळला की आतला घेर सुमारे ३ मिमीने घटतो, काठाला राखून भिंतीच्या आतून चिकटवलेल्या पाकळ्या (पुठ्ठ्याच्या लहान पट्ट्या) आणखी ६ मिमी खातात, आणि डोक्याला टेकणाऱ्या आतल्या पट्टीचा २ मिमी फोम सव्वा सेंटिमीटर घेतो. हिशेब दोन सेंटिमीटरच्या थोडा वरच जातो, पण फोम दबत असल्यामुळे टोपी नेमकी बसते. पुठ्ठ्याऐवजी ५ मिमी ईव्हीए फोमची (चपलांच्या तळव्याला असतो तसा रबरी फोम) भिंत केली तर नुसत्या जाडीपायीच आतला घेर दीड सेंटिमीटर कमी होतो. त्यामुळे पुठ्ठ्याचं माप फोमला चालत नाही.

डोकं गोल नसतं, लांबट असतं. गोल भोकाची टोपी कपाळाला आणि मागे रुतते, कानांवर मात्र बोट शिरेल इतकी फट राहते, म्हणून ती गरगर फिरते. ५९ सेमी घेराचा लंबगोल साधारण २०.३ सेमी लांब आणि १७.३ सेमी रुंद येतो. तो काढायला कागदावर १०.६ सेमी अंतरावर दोन टाचण्या रोवायच्या, ३०.९ सेमी घेराचा दोऱ्याचा वेटोळा त्यांच्याभोवती टाकायचा आणि पेन्सिलीने दोरा ताणून धरत फिरवायचं. दोरा न ताणणारा हवा. शिवणाचा जाड सुती दोरा चालतो, लोकर चालत नाही. काहींची डोकी याहून गोल किंवा लांबट असतात. शंका असेल तर पातळ पुठ्ठ्याची पट्टी डोक्याभोवती लावून, टोकं चिकटवून, ती कडी अलगद उचलून कागदावर गिरवावी.

टोपी वर रुंद होत असेल तर भिंत सरळ आयताची कापून भागत नाही, ती कमानीच्या आकाराची कापावी लागते. खालची कड ५९, वरची ६९ आणि उंची १६ सेमी असेल, तर आतली कमान ९४.४ सेमी त्रिज्येची, बाहेरची ११०.४ सेमीची आणि कोन ३५.८ अंशांचा. एवढं मोठं कर्कटक कुणाकडे नसतं. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि या दोन अंतरांवर पेन्सिलीपुरती भोकं, एवढ्यावर जमिनीवर काम होतं. हे नको असेल तर ५९ बाय १६ सेमीचा कागद घ्यावा, वरच्या कडेपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर १० उभे काप द्यावेत, खालची कड जेमतेम जोडलेली ठेवावी आणि प्रत्येक काप वरून १ सेमी फाकवावा. त्याच कागदावरून पुठ्ठा आखायचा. या रीतीने कमान किंचित कोनेदार येते, ती हाताने गोलसर करून घेता येते.

पुठ्ठ्याला वीण, म्हणजे तंतूंची दिशा, असते, आणि टोपी बिघडते ती बहुधा इथेच. पुठ्ठ्याचा तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून पाहा. एका दिशेला तो सहज वळतो, दुसरीकडे अडतो आणि मोडतो. सहज वळताना घडीची रेघ ज्या दिशेने जाते ती वीण. भिंतीत वीण उभी आली पाहिजे, म्हणजे खालून वर. ती आडवी आली तर पुठ्ठा गोल न होता ठिकठिकाणी मोडतो आणि ते मोड वरच्या कापडातूनही दिसतात. मग कितीही कापड ताणा, जात नाहीत. वीण बरोबर असली तरी पुठ्ठा आधी एखाद्या नळीवर गुंडाळून रात्रभर बांधून ठेवावा. सरळ व्हायची त्याची ओढ मोडली नाही तर जोड उकलतो.

जोड मागे घ्यायचा. १ मिमी पुठ्ठ्याच्या कडा एकावर एक चढवल्या तर उंचवटा येतो, म्हणून त्या एकमेकींना भिडवायच्या आणि आतून ४ सेमी रुंद पातळ पुठ्ठ्याची पट्टी फेविकॉलने लावायची. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दाबून पूर्ण दिवस ठेवायचं. फेविकॉल दोन तासांत वाळल्यासारखा वाटतो, पण ताणाखालचा जोड दोन तासांत पक्का होत नाही.

काठ दोन थरांचा करायचा. वरच्या थरात लंबगोलाच्या आत १.५ सेमी जादा ठेवून तिथे दर सेंटिमीटरला काप द्यायचे. या पाकळ्या वर वळवून भिंतीच्या आतून चिकटवायच्या. खालच्या थराला पाकळ्या नकोत, त्याचं भोक नेमक्या लंबगोलाचं. काठाची रुंदी ६ सेमी पुरे. त्याहून रुंद काठ गर्दीत सगळ्यांच्या तोंडावर आपटतो. काठाची वीण पुढून मागे जाणारी हवी, म्हणजे डावी-उजवी बाजू वर वळवताना पुठ्ठा मोडत नाही. दोन थरांमध्ये, बाहेरच्या कडेला, १.२ मिमी जाडीची तार घालतो. ६ सेमी काठाच्या या टोपीला सुमारे १०२ सेमी तार लागते. त्यातले ५ सेमी टोकं एकमेकांवर चढवायला, आणि हा चढाव मागेच. तारेची टोकं वळवून त्यांवर कापडी टेप गुंडाळला नाही तर ती कधी ना कधी बाहेर येतात आणि कुणाला तरी ओरखडतात.

वळण मात्र घाईने देऊ नये. आधी वरचा थर भिंतीला जोडून वाळवायचा, मग तारेसकट खालचा थर लावायचा आणि फेविकॉल ओला असतानाच बाहेरचे चारेक सेंटिमीटर दोन्ही बाजूंनी वर वळवून, काठापासून भिंतीपर्यंत चिकटपट्ट्या ताणून ठेवायच्या. दोन थर वळलेल्या स्थितीत एकमेकांना धरतात, आणि वाळल्यावर वळण सुटत नाही. सपाट वाळवून नंतर वाकवलेला काठ तारेच्या जोरावर तेवढ्यापुरता वळतो, हळूहळू पुन्हा सपाट होतो.

पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला गोंद किंवा रंग लावला की वाळताना तो त्या बाजूकडे वळतो. माथ्याची चकती म्हणूनच दोन्ही अंगांनी एकाच बैठकीत रंगवायची किंवा मढवायची. चकतीचं माप २३.५ बाय २०.५ सेमी, टाचण्यांमधलं अंतर ११.५ आणि वेटोळा ३५ सेमी. तिला भोवती १.५ सेमीच्या पाकळ्या ठेवायच्या. ती तयार झाली की चिकटवायची नाही, नुसती बसवून ठेवायची. भिंतीचा लंबगोल तोवर तीच सांभाळते.

मढवायला आम्ही दीड मिलिमीटर जाडीचं फेल्ट (न विणता, तंतू दाबून केलेलं कापड) वापरतो. त्याचे धागे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही आणि थोडं ताणलं की ते वळणावर बसतं. मखमल दिसायला उजवी खरी, पण तिची लव एकाच दिशेला जाते. भिंत आणि माथा वेगवेगळ्या दिशेने कापले तर एकाच थानातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. साटीन नवख्यांनी घेऊ नये. गोंदाचा प्रत्येक थेंब त्यावर डाग होऊन उमटतो. फेविकॉल पुठ्ठ्यावर लावायचा, कापडावर नाही. जुन्या कार्डाने पातळ ओढायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि कापड पुढच्या मध्यापासून दोन्हीकडे बसवत न्यायचं. कृत्रिम धाग्याचं फेल्ट तापलेल्या इस्त्रीखाली वितळतं, सुरकुती काढायची तर वर ओलं सुती फडकं ठेवून, इस्त्री मंद करून.

आता ऑक्टोपस. डोक्यासाठी १० सेमीचा थर्माकोलचा गोळा तिसऱ्या हिश्श्यात तिरका कापतो. थर्माकोलला रबर सोल्यूशन लावू नये, त्यातला द्रव थर्माकोल खाऊन टाकतो. तापलेली ग्लू गनही त्यात खड्डा पाडते. निम्मा फेविकॉल, निम्मं पाणी यात बुडवलेले टिश्यू पेपरचे तीन थर दिले की गोळ्याला कातडीसारखा पोत येतो. सुरकुत्या पडू द्याव्यात, इथे त्या हव्याच असतात. डोळे पारदर्शक काचेच्या चपट्या अर्धगोलांचे, मागून रंगवलेले. ऑक्टोपसची बाहुली गोल नसते, आडव्या पट्टीसारखी असते. गोल बाहुली काढली की प्राण्याचं खेळणं होतं.

सगळ्यात जास्त वेळ पायांवर जातो आणि तो जावा. एक पाय म्हणजे १० मिमी ईव्हीए फोममधून कापलेला ४० सेमी लांबीचा त्रिकोण, रुंदी मुळाशी ३.५ सेमी, टोकाला अर्धा सेमी. वरच्या दोन्ही कडा कटरने तिरक्या छाटायच्या आणि १२० नंबरच्या सँडपेपरने गोल करायच्या. फोम पात्याची धार फार लवकर मारतो. कापताना फोम ओढल्यासारखा वाटला, कडेला दाते दिसू लागले, की पातं मोडून पुढचं घ्यायचं. बोथट पात्यावर जोर दिला की कापही वाकडा जातो आणि बोटही.

पायाच्या खालच्या अंगाला, मधोमध, ५ मिमी खोल चीर देऊन तिच्यात १.५ मिमी ॲल्युमिनियमची मऊ तार बसवायची. टोकाकडे तार १ सेमी मागे दुमडायची म्हणजे ती फोम फाडून बाहेर येत नाही. मुळाकडे ६ सेमी तार मोकळी ठेवायची, पाय टोपीला बांधायला तीच लागते. चीर बुजवायला रबर सोल्यूशन: दोन्ही ओठांना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. ओलं असतानाच दाबलं तर धरत नाही, आणि वाळल्यावर एकदा चुकीचं टेकलं तर सुटत नाही. हे काम खिडक्या उघड्या ठेवूनच करावं, जवळ ज्योत नको.

मग वळण. हीट गन (गरम हवा फेकणारं हत्यार) पंधरा सेंटिमीटरवरून सारखी हलवत ठेवली की फोमचा निस्तेज पृष्ठभाग किंचित चकाकू लागतो. तेवढ्यावर थांबून पाय हव्या त्या आकारात वळवायचा आणि गार होईपर्यंत धरायचा. जास्त तापला तर फोम आकसतो आणि पुटकुळ्या येतात. नुसती तार असली तर पाय स्प्रिंगसारखा मागे येतो, नुसता तापवलेला फोम उन्हात हळूहळू सरळ होतो. दोन्ही एकत्र असले की आकार टिकतो.

चोषकांसाठी, म्हणजे पायावरच्या चिकटून धरणाऱ्या वाट्यांसाठी, २ मिमी फोम आणि चामड्याला भोकं पाडायचे पंच: १०, ८, ६, ४ आणि ३ मिमी. नेहमीच्या ऑक्टोपसच्या पायावर चोषकांच्या दोन रांगा असतात आणि ते मुळापासून टोकाकडे लहान होत जातात. चकत्या जराशा तापवून, बॉलपेनच्या गोल मागच्या टोकाने मधोमध दाबल्या की वाटी तयार होते. चोषक लावायचे फक्त जिथे पाय पिळून बाहेर वळतो तिथे. भिंतीला टेकणाऱ्या भागावर लावले तर मेहनत वाया जाते आणि पाय भिंतीपासून उचलला जातो. इथे इन्स्टंट ग्लूचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो. त्याची वाफ आजूबाजूला पांढरी पावडर धरते, आणि गडद रंगावर ती पुसून जात नाही, म्हणून चोषक रंगाच्या आधीच लावायचे.

पाय आठ हवेत. सगळे पूर्ण दाखवायची गरज नाही. तीन-चार लांब करून बाकीचे डोक्याखालून थोडेसे बाहेर काढले आणि रिबनीखाली किंवा टोपीच्या मागे नेले तरी चालतं. पण मुळं आठ दिसली पाहिजेत. लहान मुलं मोजतातच.

फोमवर ॲक्रिलिक रंग थेट लावला तर शोषला जातो आणि वाकवताना तडकतो. निम्म्या पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचे तीन हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा, मग पातळ रंग. अंतिम वळण रंगाआधी. गडद थरावर जवळजवळ कोरड्या ब्रशने उजळ रंग फिरवला की पोत वर येतो. चकचकीत वॉर्निश फक्त डोक्यावर आणि चोषकांच्या वाटीत लावावं. सगळीकडे लावलं तर ओला प्राणी न दिसता प्लास्टिक दिसतं.

ग्लू गन हे चांगलं हत्यार आहे, पण टोपीवर तिचा मोह आवरावा. तिचा गोंद फेल्टच्या वरवरच्या तंतूंना धरतो, आणि वजन आलं की गोंद सुटत नाही, तंतूच उपटून येतात. शिवाय उन्हात उभ्या बंद मोटारीत हा गोंद मऊ पडतो. म्हणून प्रत्येक पायाची मोकळी तार टोच्याने पाडलेल्या, सेंटिमीटरभर अंतरावरच्या दोन भोकांतून आत घ्यायची, आत पुठ्ठ्याच्या ३ सेमी चकतीतून ओवायची, पिळायची, चपटी करायची, वर कापडी टेप. लांब पायांना पुढे आणखी दोन ठिकाणी मासेमारीच्या ०.३ मिमी दोऱ्याने टाका घालायचा, फोमच्या खालच्या अंगातून, म्हणजे दिसत नाही. चकती नसेल तर तार पुठ्ठा कापत जाते आणि भोक लांबतं.

तोल बघायला टोपी डोक्याएवढ्या पालथ्या भांड्यावर ठेवावी. ज्या बाजूला ती झुकते तिकडे वजन जास्त. ऑक्टोपस पुढे डावीकडे असल्याने दिव्यांच्या माळेची बॅटरी पेटी मागे उजवीकडे, आतून बसवतो. त्या वजनाचा तसाही उपयोग करून घ्यावा. वजन कमी करणं जमत नसेल तर ते खाली आणावं. ऑक्टोपस ३ सेमी खाली सरकवला की मानेला लगेच फरक जाणवतो. संपूर्ण टोपी ३५० ग्रॅमच्या आसपास थांबवावी. पुठ्ठ्याचा सांगाडाच दीडशे ग्रॅम भरतो, त्यामुळे मातीचे शिंपले, खरे शंख वगैरे विसरावं. शंख फोमचेच करावेत.

दिवे पायांवर नव्हे, पायांखाली. फेल्टवर पडलेला उजेड पाण्यासारखा पसरतो, उघडे दिवे नुसते डोळ्यांत जातात. तांब्याच्या तारेच्या माळेवरचं आवरण फार पातळ असतं, टोचा लागला की शॉर्ट होते, म्हणून सगळी भोकं पाडून झाल्यावरच माळ ओवायची. पेटीचं बटण टोपी न काढता बोटाला लागलं पाहिजे. लहान मुलाच्या टोपीत सीआर २०३२ सारखे बटण सेल उघडे ठेवू नयेत. गिळला गेला तर तो सेल अन्ननलिका जाळतो. पेटीचं झाकण स्क्रूचंच हवं.

आतली पट्टी ३ सेमी रुंद, २ मिमी फोमवर सुती कापड मढवलेली, लांबी नेमकी ५७. फक्त वरच्या कडेला चिकटवायची. खालची कड मोकळी ठेवली की मागे टिश्यूची घडी खुपसून सैल टोपी जागेवर घट्ट करता येते. इलॅस्टिक हनुवटीखाली नको. कानांच्या जरा मागून निघून केसांखालून मानेवर गेलं तर दिसत नाही, गळ्याला काचत नाही आणि टोपी जास्त धरतं. मुलांसाठी मात्र ते ओढलं की सुटेल अशा चिकटपट्टीने जोडावं. काठाची खालची बाजू फिकट ठेवावी. गडद असली तर वरच्या दिव्यांत चेहरा काळवंडतो आणि फोटोत फक्त ऑक्टोपस दिसतो.

हे सगळं झाल्यावर माथा. पाकळ्या आत वळवून, भिंतीला आतून फेविकॉल, खालून हात घालून दाबायचं आणि टोपी माथा खाली करून ठेवून आत पुस्तक ठेवायचं. माथ्यावरून जाणारा एखादा पाय असेल तर त्याचा टाका चकती बसवण्याआधी चकतीतच घालून घ्यावा, वजन ठेवताना मात्र त्या पायाखाली उशी द्यावी. भिंत आणि काठ यांच्या सांध्यावर शेवटी रिबन, गाठ मागच्या जोडावर.

पार्टीआधी टोपी अर्धा तास घालून घरात वावरावं: खाली वाकून बुटाची नाडी बांधावी, दारातून जावं, घोटभर पाणी प्यावं, मान झटकन वळवावी. वाकताना पुढे घसरत असेल तर इलॅस्टिक मागे सरकवायचं. कानशिलं दुखली तर लंबगोल अरुंद झाला आहे. आतल्या पट्टीचा फोम तेवढ्या दोन ठिकाणी कातरून काढावा, सगळी टोपी सैल करू नये. नेताना ती काठावर टेकवू नये, वळण दबतं. खोक्यात एक उभा डबा चिकटवून त्यावर टोपी अशी बसवावी की काठ चहूकडून अधांतरी राहील, आणि पायांच्या टोकांना खोक्याची भिंत लागणार नाही एवढं मोठं खोकं आधीच शोधून ठेवावं.